उंच केलेल्या पिकअपचं अलाइनमेंट: नुसते हिरवे आकडे पुरत नाहीत

कोलोरॅडोत पिकअप ट्रक फक्त शेतकऱ्याचा किंवा ठेकेदाराचा राहिलेला नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या फाटकाशी, किराणा दुकानासमोर, जिथे बघाल तिथे पिकअप. त्यातले कितीतरी मूळ उंचीपेक्षा दोन-चार इंच वर उचललेले असतात. पुढच्या सस्पेन्शनमध्ये लांब स्प्रिंग किंवा स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती), मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक जादा पाटा आणि वर मोठे टायर, अशी ही लिफ्ट असते. हौसेचा भाग आहेच, पण गरजही खरी आहे. सॅन हुआन पर्वतातला अल्पाइन लूप हा साधारण ६५ मैलांचा रस्ता एकोणिसाव्या शतकातल्या खाणींच्या वाटांवरून जातो आणि लेक सिटी, यूरे, सिल्व्हर्टन ही गावं जोडतो. त्यावरची एंजिनियर खिंड १२,८०० फुटांवर आहे, सिनॅमन खिंड १२,६४० फुटांवर. तिथले दगड गाडीच्या पोटाला लागू नयेत, तर दोन इंचांची जादा उंची उपयोगी पडते.

पण डोंगरात जायला आधी हायवेवरून तासन् तास सरळ चालावं लागतं, आणि उचललेल्या ट्रकची परीक्षा मला तिथेच दिसते. लिफ्ट किट कुठलं घ्यावं यावर इथे लोक रात्र जागवतात. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बरोबर लावणं, मात्र शेवटी उरकायचं काम म्हणून सोडून देतात. माझ्या मते अलाइनमेंटचा विचार किट विकत घेण्याआधी व्हायला हवा.

माझी टोयोटा टकोमा मी जुनी घेतली. आधीच्या मालकाने पुढून अडीच इंच उचललेली होती. डेन्व्हरहून दक्षिणेला कोलोरॅडो स्प्रिंग्जकडे निघालं की मॉन्युमेंट हिलच्या चढावर आडवा वारा लागतो. तिथे ट्रक लेनमध्ये एका जागी राहायचाच नाही. स्टेअरिंग सतत इकडून तिकडे सावरत बसायचं, वळण घेतल्यावर ते आपणहून सरळ यायचं नाही. टायर नवे, हवा बरोबर. टायरच्या एका मोठ्या साखळी दुकानात अलाइनमेंट करून घेतलं. हातात आलेल्या प्रिंटआउटवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत होते, आणि ट्रक पूर्वीसारखाच भटकत होता.

त्या कागदावरच कारण लिहिलेलं होतं, फक्त ते वाचता यायला हवं.

अलाइनमेंट म्हणजे मुख्यतः तीन कोन. टो म्हणजे पुढची दोन्ही चाकं वरून पाहिल्यावर एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर फाकलेली. कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा माथा आत कललेला आहे की बाहेर. ही दोन्ही डोळ्यांना थोडीफार दिसतात आणि दोन्ही टायर खातात. टो जास्त जलद खातो. तो चुकला असेल तर टायरवरून हात आडवा फिरवा. एका दिशेला गुळगुळीत लागेल आणि उलट दिशेला खवल्यासारखी धार बोटांना लागेल.

तिसरा कोन कॅस्टर. तो सहजी दिसत नाही, टायरही फारसा खात नाही, म्हणून दुर्लक्षित राहतो. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो, आणि त्यामुळे हँडल सोडलं तरी सायकल सरळ धावते. गाडीतही चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष वरून मागे कललेला असतो. चाकाला वर आणि खाली धरणारे दोन गोल सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, असतात; वरच्यापासून खालच्यापर्यंत काढलेली रेघ म्हणजे तो अक्ष. हा कल जितका जास्त, तितकं चाक स्वतःहून सरळ यायला बघतं.

टकोमासारख्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या ट्रकमध्ये पुढचं प्रत्येक चाक चासीला वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी जोडलेलं असतं. पुढचा भाग उचलला की दोन्ही आर्म खाली झुकतात. वरचा आर्म ज्या अक्षावर फिरतो तो आडवा नसतो, थोडा तिरका असतो. म्हणून झुकताना वरचा बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅम्बर आणि टो बदलतात ते वेगळंच. दुरुस्तीसाठी खालच्या आर्मच्या बुडाशी प्रत्येक बाजूला दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म आत-बाहेर सरकवणारे) असतात, एक पुढे, एक मागे. दोन्ही सारख्या दिशेने फिरवले की मुख्यतः कॅम्बर बदलतो, एकमेकांविरुद्ध फिरवले की कॅस्टर. पण या बोल्टांचा पल्ला ठरलेला आहे. उचललेल्या ट्रकमध्ये कॅम्बर जागेवर आणण्यातच तो बराचसा खर्च होतो आणि कॅस्टरसाठी काही उरत नाही. दुकानातला माणूस तेव्हा कॅस्टर हिरव्या पट्ट्याच्या तळाला कसाबसा टेकवतो आणि कागद छापतो. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

हिरवा पट्टा कंपनीने मूळ उंचीच्या, मूळ टायरच्या ट्रकसाठी ठरवलेला असतो. मोठे आणि जड टायर लावल्यावर चाक सरळ ठेवायला आणखी कॅस्टर लागतो. म्हणजे गरज वाढलेली असते आणि आकडा घटलेला. मशीन खोटं बोलत नाही, ते दुसऱ्याच ट्रकबद्दल बोलत असतं. हे मला ग्रँड जंक्शनमधल्या एका छोट्या गॅरेजच्या वयस्कर मेकॅनिकने समजावलं. तिथे मशीन साखळी दुकानातल्यासारखंच होतं, हंटर कंपनीचं. प्रत्येक चाकाला लक्ष्यपाट्या अडकवायच्या, समोरचे कॅमेरे त्या वाचतात, मग स्टेअरिंग डावीउजवीकडे वळवून कॅस्टर मोजायचा. फरक माणसात होता. त्याने ट्रक रॅकवर घेण्याआधी मला विचारलं, गाडीत कायम काय असतं? छतावर तंबू? पुढे स्टीलचा बंपर, विंच? टाकी किती भरलेली? मग फुटपट्टी घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली.

मोजल्यावर डावी बाजू थोडी खाली निघाली. टकोमात हे नेहमी आढळतं, कारण इंधनाची टाकी आणि ड्रायव्हर दोघेही डावीकडे. इथे लोक डाव्या स्ट्रटवर (पुढच्या स्प्रिंग-शॉकच्या जोडणीवर) पाव इंचाचा स्पेसर टाकून तो कल काढतात. उंचीचा फरक आधी काढायचा आणि मगच कोन लावायचे, असा त्याचा हट्ट होता. मला तो अगदी पटला. उंची बदलली की तिन्ही कोन बदलतात, मग उलट्या क्रमाने केलेलं काम वायाच.

त्यानंतर त्याने वरचे आर्म बदलायला सांगितले. बाजारात असे आर्म मिळतात ज्यांत बॉल जॉइंटची जागाच मागे घेतलेली असते, म्हणजे कॅस्टर आर्ममध्येच येतो आणि कॅम बोल्टांचा पल्ला मोकळा राहतो. दोन आर्मच्या एका जोडीला साधारण पाचशे ते नऊशे डॉलर पडतात. स्वस्त नाही. पण अडीच-तीन इंच उचललेल्या ट्रकसाठी हा खर्च मी लिफ्टच्याच खर्चात धरेन. तेवढे पैसे नसतील तर दीड इंचावर थांबावं. त्या उंचीत मूळ आर्मवरही बहुधा समाधानकारक कॅस्टर मिळतो, आणि दीड इंचही खूप काही देतो.

बसवतानाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि घाईत तीच सुटते. आर्मच्या बुडाच्या सांध्यातल्या रबरी बुशांचे बोल्ट ट्रक हवेत लटकलेला असताना पूर्ण आवळायचे नसतात. मूळचे रबरी बुश सरकत नाहीत, पिळले जातात. चाकं लोंबकळत असताना आवळलं, की ट्रक जमिनीवर येताच बुश कायमचा पिळलेला राहतो. तो लवकर फाटतो आणि ट्रकची उंचीही थोडी खोटी दाखवतो. त्या उंचीवर लावलेलं अलाइनमेंट काही आठवड्यांत हलतं. म्हणून आधी नुसते बसते करायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दाबून हलवायची आणि तेव्हा टॉर्कचा पाना लावायचा. काही आर्मना रबराऐवजी वेगळ्या जातीचे बुश असतात, तिथे कंपनीची सूचना वाचावी.

इथल्या हिवाळ्याने आणखी एक अडचण आणून ठेवली आहे. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण फवारतात. ते कॅम बोल्टात शिरतं आणि बोल्ट आतल्या लोखंडी नळीला गंजून धरतो. मग पान्याने काही हलत नाही, करवतीने बोल्ट कापून बुशासकट नवा टाकावा लागतो. जुना ट्रक घेताना मी आता खाली वाकून हे बोल्ट आधी बघतो.

माझ्या ट्रकचे शेवटचे आकडे सांगतो: कॅस्टर डावीकडे ३.४ अंश, उजवीकडे ३.८. कॅम्बर दोन्हीकडे शून्याच्या जवळ, टो अगदी थोडा आत. टो सगळ्यात शेवटी लावला, कारण कॅस्टर किंवा कॅम्बरला हात लावला की टो हलतोच. डाव्या-उजव्यातला तो ०.४ अंशांचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. इथे उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे गाडी उजवीकडे घसरू बघते. आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. डावीकडे किंचित कमी ठेवला, की दोन्ही ओढी एकमेकींना फेडतात. भारतात आपण डावीकडून चालतो, म्हणून हे गणित तिथे उलटं लावायचं.

जास्त कॅस्टरची किंमतही आहे. स्टेअरिंग जरा जड होतं. वरचा बॉल जॉइंट मागे गेल्याने चाकही किंचित मागे येतं, आणि टायर मोठे असतील तर पूर्ण वळवताना मागच्या कोपऱ्यात, केबिनच्या माउंटला घासतात. काही जण ते माउंट कापून पुन्हा वेल्ड करतात. मी टायरच एक माप लहान ठेवले.

मागच्या अखंड अ‍ॅक्सलला लावण्यासारखं काही नसतं, पण मोजायला हवंच. पाटा वाढवताना अ‍ॅक्सल जरा तिरका बसला तर ट्रक रस्त्यावर तिरका चालतो आणि सरळ जायला स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. पुढे कितीही सुधारलं तरी ते जात नाही.

जीप रँग्लर किंवा फोर्डचा फोर-व्हील-ड्राइव्ह एफ-२५० यांना पुढेही अखंड अ‍ॅक्सल असतो आणि तिथे प्रश्न वेगळा. उचलल्यावर अख्खा अ‍ॅक्सल फिरतो, कॅस्टर घटतो. शिवाय ट्रॅक बारमुळे (अ‍ॅक्सलला चासीशी आडवं बांधणाऱ्या दांड्यामुळे) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि स्टेअरिंगचा मध्य हलतो. कॅस्टर परत आणायला अ‍ॅक्सल फिरवावा, तर पुढच्या अ‍ॅक्सलला शक्ती पोचवणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडतो, म्हणून मधला मार्ग काढावा लागतो. वेगात खड्डा लागल्यावर संपूर्ण पुढचा भाग थरथरायला लागतो, तो भयंकर प्रकार मुख्यतः याच गाड्यांत होतो. त्यावर स्टेअरिंगचा नवा डॅम्पर बसवणं म्हणजे दुखणं झाकणं आहे. आधी ट्रॅक बारचे बोल्ट, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाचे सांधे) यांमधला ढिलेपणा शोधावा.

नव्या ट्रकांत काम संपल्यावर स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागू शकतो. समोरचं रडार आणि कॅमेरा असेल तर उंची बदलल्यावर त्यांचंही कॅलिब्रेशन बघावं. स्वतःहून ब्रेक मारणारी यंत्रणा त्यांच्यावर अवलंबून असते, म्हणून हे टाळू नये. साध्या अलाइनमेंटला इथे शंभर ते दोनशे डॉलर लागतात. नवीन स्प्रिंग वापरात थोड्या खाली बसतात, त्यामुळे पाचशे मैलांनंतर एकदा पुन्हा तपासणी करून घेणं योग्य.

गावाकडचे मित्र विचारतात की टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची व्ही-क्रॉस ही पिकअप अशी उचलावी का. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यांमुळे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला फार कमी जागा आहे. म्हणून आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. गाडी मूळ उंचीवरच असली, तरी पुढच्या अलाइनमेंटला टायरमध्ये बरोबर हवा भरून आणि नेहमीचं सामान गाडीत ठेवून जा, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या आणि त्यांवर कॅस्टरच्या ओळीतले डावे-उजवे आकडे सगळ्यात आधी बघा.