बुलेट ३५० ला पुढचा डिस्क ब्रेक : नोंद तिसरी

माझ्या बुलेटचा पुढचा ड्रम ब्रेक काढून त्या जागी डिस्क ब्रेक बसवण्याचे काम चालू आहे. मागील नोंदीपर्यंत चाकाचे काम पार पडले होते. डिस्कचा हब (चाकाचा मधला भाग) जुन्या ड्रमहून वेगळा असल्याने मूळ १९ इंची रिमला निराळ्या लांबीचे आरे घालावे लागले आणि आऊट काढण्यात, म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवण्यात, कारागिराची अख्खी दुपार गेली. शॉकअपची खालची नळीही कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग) बसवण्याचे कान असलेली घेतली. सर्व भाग बुलेटच्याच डिस्क असलेल्या आवृत्तीचे आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेतील फेरफारांवर बंधने घालते, तेव्हा आरटीओत विचारपूस करूनच या कामाला हात घालावा.

हा खटाटोप कशासाठी, असे काहींनी विचारले होते. ड्रम तापला की प्रसरण पावून त्याला आतून घासणाऱ्या शूपासून दूर सरतो, त्यामुळे पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना लिव्हर हळूहळू मुठीकडे येऊ लागतो. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर निवते आणि तिच्यावरचे पाणीही फिरता फिरता उडून जाते.

या खेपेची खरी कथा मास्टर सिलिंडरची, म्हणजे लिव्हर दाबला की ब्रेकच्या तेलावर दाब आणणाऱ्या भागाची आहे. जुन्या बाजारात मिळालेला, दिसायला देखणा असा सिलिंडर मी मोजमाप न करताच बसवला. लिव्हर दगडासारखा कडक लागला, तेव्हा मी मनोमन खूश झालो, कारण कडक लिव्हर म्हणजे उत्तम ब्रेक असा माझा समज होता. पण गल्लीत चाचणी घेतली तेव्हा गाडी थांबण्याची फारशी घाई करीना. सिलिंडर उघडून व्हर्नियर लावला, तर दट्ट्या १६ मि.मी. व्यासाचा निघाला. मला हवा होता १३ मि.मी.चा. व्यासातला फरक किरकोळ वाटतो, परंतु क्षेत्रफळ दीडपट होते, म्हणजे बोटांचा जोर तेवढाच राहिला तर तेलातला दाब सुमारे एक तृतीयांशाने घटतो. योग्य मापाचा सिलिंडर बसवल्यावर लिव्हरचा प्रवास वाढला, पण पकड दोन बोटांत येऊ लागली.

तेलाच्या नळीतली हवा काढताना मात्र घाम निघाला. वरून तेल भरून, लिव्हर दाबून, कॅलिपरवरचा हवा सोडण्याचा निपल सैल करण्याची नेहमीची पद्धत तासभर करूनही लिव्हर स्पंजासारखाच राहिला, कारण नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टपाशी नळीच्या सर्वांत उंच वळणावर बुडबुडा अडकून बसला होता. शेवटी कॅलिपरच्या निपलला सिरिंज जोडून तेल खालून वर ढकलले. हवेची वाटच वरची असल्याने दहा मिनिटांत काम फत्ते झाले. बँजोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच घेतले. एकदा दाबले गेलेले वॉशर पुन्हा वापरले, तर पाझरण्याची भीती असते. तेल डॉट ४ या दर्जाचे, तेही सीलबंद बाटलीतले, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: मानकानुसार कोरडे असताना किमान २३०, तर ओलावा घेतल्यावर १५५ अंश सेल्सिअस.

कॅलिपरमधले पॅड डिस्कवर घासून नीट जमावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वरून १० पर्यंत वीसेक वेळा वेग उतरवला, मात्र तापलेले पॅड डिस्कवर दाबून गाडी पूर्ण उभी केली नाही. मडगार्डची एक पट्टी अजून कॅलिपरला घासते. ती वाकवायची की नवी घडवून घ्यायची, ते येत्या रविवारी पाहीन.