बुक्क्याचं ताट

आत्याच्या दिंडीत यंदा पहिल्यांदा चालले. आळंदी ते सासवड, एवढंच. पुढे रजा नव्हती. आत्याची ही एकोणिसावी वारी. यजमान गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षी तिने माळ घातली. तेव्हापासून डोक्यावर तुळस घेऊन चालते.

वारीत सगळेच माउली. आपण पायाला हात लावायला वाकलो की समोरचाही आपल्या पायाशी वाकलेला असतो. पुण्यात शिरेपर्यंत माझ्याहून दुप्पट वयाची कितीतरी माणसं माझ्या पाया पडली. वाटलं, इथे तरी लहानथोर उरलेलं नाही.

माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आमची दिंडी तिथल्याच एका जुन्या वाड्यात उतरते. घरच्या काकूंनी आत्याचे पाय मांडीवर घेऊन टाचेच्या भेगांना कोकमतेल चोळलं. आत्या नको नको म्हणत होती, तरी ऐकलं नाही.

संध्याकाळी त्याच काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. ओळीने लावत आल्या. आत्याच्या शेजारणीला लावून झालं, आणि त्यांनी बोट पदराला पुसलं. मग आत्याच्या पलीकडच्या बाईपाशी पुन्हा कुंकवात बुडवलं. आत्या आधीच मागे भिंतीशी सरकून बसली होती, काकूंना अवघड वाटू नये म्हणून.

त्या सरकण्याने मला रडू आलं. काकू वाईट असत्या तर भांडले असते. पाय चेपणाऱ्या बाईशी काय भांडायचं?

रात्री आत्याला विचारलं, "तुमच्याकडे ठराव झालाय ना गं?" 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद केल्या: बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आत्याच्या गावानेही ठराव केला.

"झाला की. टाळ्या पण वाजवल्या. पण करंडा घेऊन दारात कोण आलं? आपणहून लावावं तर माझ्याच जावा हसतील."

दुसऱ्या दिवशी मुक्काम होता, म्हणून तिला गंज पेठेत फुले वाड्यावर नेलं. 1868 मध्ये जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे तिला ठाऊक होतं. पण त्याआधी, 1863 मध्ये, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं या दांपत्याने आपल्या आसऱ्याला केली आणि पुढे अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, पोटच्यासारखा वाढवला, हे तिने पहिल्यांदा ऐकलं. अंगणात बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "त्या बायकांना पुढं कुणी कुंकू लावलं असेल का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघताना काकूंची सून ताट घेऊन पुढे आली. ताटात फक्त बुक्का. "यंदा सगळ्यांना हाच लावते, माउली." बुक्का पांडुरंगाचा, सवाष्ण कोण, विधवा कोण, तो विचारत नाही. काकूंनी सुनेकडे रोखून पाहिलं, पण ताट काही काढून घेतलं नाही. आत्या या वेळी सरकली नाही. तिने कपाळ पुढे केलं.

ही पळवाट झाली, असं मला आधी वाटलं. कुंकू तसंच अडून राहिलं की! पण एकोणीस वर्षांत त्या ओळीत तिला कुणी ओलांडून गेलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं होतं. आणि सुनेने सासूला न दुखावता हातात असलेलं साधन वापरलं. ते मला सुचलं नसतं.

हडपसरपर्यंत दोघीतिघी कुरकुरत होत्या. सवाष्णीला कुंकवाशिवाय वाटेला लावतात का कुठे? दिवे घाटात चढ लागला तशी त्यातलीच एक धापा टाकत आत्याच्या खांद्याला धरून चालू लागली. वळणावर दम खायला थांबल्यावर म्हणाली, "पुढच्या साली सुनेला सांगा बाई, कुंकू आणायला."

"सांगते की," आत्या म्हणाली. "मलाही लावायचं, हेही सांगते."

बाई काही बोलली नाही. खांदा मात्र तिने सोडला नाही.