नऊशे पट ओवा

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज आला. ओव्याचं तेल अँटिबायोटिकपेक्षा भारी, प्रयोगशाळेत सिद्ध, दहा जणांना पाठवा. खाली पेट्री डिशचा फोटो: जंतूंचा गढूळ थर, मधोमध तेल आणि त्याभोवती लख्ख गोल वर्तुळ, जिथे जंतू वाढलेच नाहीत. मला हसू आलं. १९९९ साली माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये अगदी असाच फोटो होता, आणि खाली मी जवळपास हेच वाक्य लिहिलं होतं.

तेव्हा राहायला कळव्याला, कॉलेज ठाण्यात. विषय घेतला ओवा, लवंग, तुळस आणि गवती चहा यांच्या तेलांचा: ती जंतूंना किती रोखतात आणि अँटिऑक्सिडंट म्हणून किती चालतात. ओवा जांभळी नाक्यावरून आणला, एकदम दोन किलो. दुकानदार म्हणाला, "ताई, घरात बाळंतीण का?" गवती चहा मामीच्या परसातला फुकट. तुळशीने मात्र जीव काढला. किलोभर ओल्या पानांतून चमचाभरही तेल निघेना.

तेल काढायला क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण असतं. कुटलेला ओवा पाण्यात उकळायचा, वाफ थंड करायची, तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी आपोआप फ्लास्कमध्ये परत जातं. शंभर ग्रॅम ओव्याला तीन तास, आणि हाती तीनेक मिलीलिटर. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं, हे मला पहिल्या दिवशी सुचलंच नाही. अख्खी दुपार ते पाण्याबरोबर परत फ्लास्कमध्ये जात राहिलं आणि मी वर बघत बसले. संध्याकाळी लोकलमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "चकल्या केल्यात का गं?"

पण ओव्याचा निकाल बघून मी हुरळून गेले. वर्तुळ तीस मिलीमीटरच्या वर. शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या, जेंटामायसिन या अँटिबायोटिकात भिजवलेल्या कागदी चकतीचं वीसच्या आसपास. आईला फोन करून सांगितलं की ओव्याने औषधाला हरवलं.

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा वर केला.

"चकतीवर औषध किती असतं?"

"दहा मायक्रोग्रॅम, मॅडम."

"आणि तू तेल किती घातलंस?"

"दहा मायक्रोलिटर."

"वजनात सांग."

वहीच्या कोपऱ्यात गणित केलं. साधारण नऊ मिलिग्रॅम. म्हणजे नऊ हजार मायक्रोग्रॅम. कान तापले.

"नऊशे पट ओवा घालून दीडपट वर्तुळ," बाई म्हणाल्या. "हरलं कोण?"

एवढंच बोलून त्या थांबल्या असत्या तर मी ओव्यावर कायमची रुसले असते. पण पुढे त्यांनी त्याच प्लेटची उलटी खोटही दाखवली. तेल पाण्यात मिसळत नाही आणि अगर, म्हणजे प्लेटमधली जंतू वाढवायची जेली, बहुतेक पाणीच, त्यामुळे चांगलं तेलही पसरत नाही म्हणून वर्तुळ लहान दिसू शकतं. शिवाय ही तेलं उडतात. माझ्या प्लेटमध्ये ओव्याशेजारी तुळशीचं तेल होतं. तुळशीचं म्हणून मी मोजलेल्या वर्तुळात ओव्याच्या वाफेचा वाटा किती, कोण सांगणार? म्हणून खरी मोजणी द्रवात करायची, ट्वीन ८० हा तेल-पाणी एकत्र आणणारा पदार्थ घालून तेल मिसळायचं आणि अर्धं-अर्धं पातळ करत जायचं, जंतू वाढायला लागेपर्यंत. ते सगळं पुन्हा केलं. स्टॅफिलोकोकस हा जंतू ओव्यापुढे तिथेही टिकला नाही. सुडोमोनास हा दुसरा जंतू मात्र ढिम्म. हिरवट रंग सोडत मजेत वाढला.

त्याचं कारण मला अजूनही सुंदर वाटतं. ओव्यातला थायमॉल जंतूच्या पेशीच्या पातळ आवरणात घुसतो आणि ते गळकं करतो. आतलं पोटॅशियम बाहेर येतं. सुडोमोनासला बाहेरून आणखी एक आवरण असतं, वर आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंपही.

अँटिऑक्सिडंटची चाचणी दिसायला फार गोड. डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण घ्यायचं, लवंगेचं तेल टाकायचं, बघता बघता पिवळं; जांभळा रंग जितका जाईल तितकं अँटिऑक्सिडंट जोरदार. लवंगेत युजेनॉल भरपूर, त्यामुळे तिथे तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फक्त डीपीपीएच आपल्या शरीरात कुठेच नसतं, आणि गिळलेल्या युजेनॉलला यकृत लगेच दुसऱ्या पदार्थाशी बांधून टाकतं आणि ते लघवीवाटे बाहेर जातं. लवंग तेलाच्या बाटलीवर 'वय थांबवा' छापणाऱ्यांना हे कोणीतरी सांगा.

हे सगळं आज आठवायचं कारण नुसता मेसेज नाही. सासूबाई दरवर्षी अमृतधारा करतात: कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल. तिन्ही कोरडे खडे, एका बाटलीत घालून हलवले की पाणी होतात. ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल. परवा धाकट्या दिरांची अडीच वर्षांची लेक पोट धरून रडत होती आणि सासूबाई साखरेवर दोन थेंब घालून निघाल्या.

"आई, तिला नका देऊ. कापराने लहान मुलांना झटके येतात."

"अगं, माझी तिन्ही मुलं यावर वाढली."

"वाढली हो. पण पोटात कापूर नकोच. डॉक्टरांकडे नेऊ."

त्या गप्प झाल्या. मी मनगट पुढे केलं. प्रोजेक्टच्या वेळी निव्वळ ओव्याचं तेल सांडून भाजलं होतं, तो पांढरा डाग अजून आहे. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, साखर सिंकमध्ये ओतली आणि बाटली फळीवर सगळ्यात वर ठेवली. मग थोड्या वेळाने विचारलं, "माझ्या गुडघ्याला चालेल ना?"

खोबरेल तेलात घालून चोळून दिलं.