खड्डा खणला, पण पाणी मुरेना

आमच्या छपराचं पाणी पन्हळीतून खाली उतरतं आणि सिमेंटच्या अंगणावरून थेट फाटकाबाहेर धावतं. जाताना माती, पालापाचोळा, गाडीखालच्या तेलाचा तवंग, सगळं गटारात नेतं. रस्ता तुंबला की आम्ही गटाराच्या नावानं खडे फोडायचो. मग एका मोठ्या पावसात छत्री घेऊन फाटकाशी उभा राहिलो आणि तो लोंढा आमच्याच दारातून निघताना नीट पाहिला. त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवेना.

हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या पन्हळीकडे ६० चौरस मीटर छप्पर उतरतं, म्हणजे २५ मिलिमीटरच्या सरीत १,५०० लिटर! हे पाणी अडवून मुरवायला झाडं लावलेला उथळ खळगा करायचा, म्हणजे रेन गार्डन, असं ठरवलं. पाणी नळांतून लांब धाडण्यापेक्षा पडेल तिथेच जिरवायचं, या विचारातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात प्रिन्स जॉर्जेस काउंटीत ही पद्धत घडवली गेली. १० चौरस मीटर जागा १५ सेंटीमीटर खोल केली की आमचं गणित बरोबर जमत होतं.

आईला एकच काळजी होती, भिंतीला ओल येईल. ती रास्तच होती. म्हणून घराच्या पायापासून तीन मीटर सोडून, उताराच्या बाजूची जागा धरली.

खणण्याआधी मातीची परीक्षा घेतली. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरला. पहिलं पाणी कोरडी माती गटागटा पिते, ते मोजायचं नसतं. ते जिरल्यावर पुन्हा भरून आत पट्टी उभी केली. तासाला दोन सेंटीमीटर उतरलं. या वेगानं १५ सेंटीमीटर पाणी आठ तासांत मुरायला हवं होतं.

पण पहिल्या पावसानंतर तीन दिवस पाणी तसंच! अंड्यातून डास बाहेर पडायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे दोन दिवसांत खळगा रिकामा व्हायलाच हवा. बादल्यांनी उपसला तेव्हा चूक डोळ्यांसमोर आली. तळ सपाट दिसावा म्हणून मी तो ओला असतानाच पायांनी तुडवला होता. कडांवर फावड्याचे गुळगुळीत, चकचकीत फटकारे होते, मडक्याला आतून लिंपल्यासारखे. मातीतली सगळी छिद्रं मीच बुजवली होती.

तळ वाळू दिला. मग काठावर बसून, आत पाय न ठेवता, बागेच्या दातेरी काट्यानं वीतभर खोल उकरला, कडा खरवडल्या आणि भरपूर कुजलेलं कंपोस्ट मिसळलं. चिकण मातीत थोडीशी वाळू घालायचा मोह टाळा, ती आणखीच घट्ट बसते. नंतर खोल मुळांची गवतं लावली. वाळ्यासारख्या गवताची मुळं सरळ खाली जातात आणि पाण्याला वाट करून देतात. तळाशी चार दिवस कोरडं आणि एक दिवस पाण्यात राहू शकतील अशी रोपं हवीत. नेहमी ओल मागणारी आमची रोपं पावसाच्या उघडिपीत वाळून गेली.

पाणी आत येतं तिथे गोटे पसरले, नाहीतर धार माती कापत जाते. खळगा भरल्यावर जादा पाणी कुठून निघणार हेही आधी ठरवावं लागतं. घराच्या विरुद्ध बाजूचा काठ थोडा खाली ठेवला, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं पातळी तपासली आणि तिथेही दगड बसवले.

पुढची मोठी सर रात्री आली. मी विजेरी घेऊन काठाशी उभा होतो. खळगा भरला, गवताची टोकं तेवढी वर राहिली आणि फाटकाशी फक्त अंगणावर पडलेल्या पावसाचा ओघळ होता. सकाळी नऊला तळाची माती दिसायला लागली. आई भिंतीवरून हात फिरवून आली, भिंत कोरडी होती.

आता प्रत्येक मोठ्या पावसानंतर तोंडाशी साचलेला गाळ घमेलंभर निघतो. तो वेळेवर काढला नाही तर छिद्रं पुन्हा बुजतील. मागच्या पन्हळीचं पाणी अजून गटारातच जातंय. तिथल्या मातीची परीक्षा या आठवड्यात करणार आहे.