‘पेट फ्रेंडली’ म्हणजे जनरेटरशेजारची साखळी: पग घेऊन पुणे ते दापोली

आधी रिसॉर्टचं सांगते, कारण ते डोक्यातून जात नाहीये. हर्णै-मुरूडच्या पट्ट्यातलं, नाव घेत नाही. जाहिरातीत ‘पेट फ्रेंडली’, फोनवर ‘आणा की, काय अडचण नाही’. पोचल्यावर काउंटरवरच्या पोराने लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवला. कुत्र्याचे रात्रीला आठशे, वर दोन हजार डिपॉझिट. एसी खोलीत नाही, जेवायच्या जागी नाही, लॉनवर नाही. मग ठेवायचा कुठे? तर मागे जनरेटरच्या खोलीला लागून एक हूक होता, त्याला साखळी, खाली सिमेंटचा तुकडा. दुपारचे दोन, ऊन थेट त्यावर. पिंट्या आठ किलोचा पग आहे, घरी सोफ्यावरून उतरायलाही त्याला कुणीतरी लागतं.

अ‍ॅडव्हान्स बुडाला. आम्ही तिथून निघालो.

तेव्हा फोनवरच्या ‘चालेल’वर एक रुपया पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या: कुत्रा आमच्याच खोलीत झोपणार ना, एसीची खोली आहे ना, पैसे रात्रीचे की मुक्कामाचे, आवारात त्यांची स्वतःची कुत्री मोकळी असतात का. ‘या तर, बघू’ असं उत्तर आलं की दुसरीकडे विचारा. आम्हाला शेवटी गावात एका काकूंकडे खोली मिळाली. कुत्र्याचे पैसे शून्य, अट एकच, मांजरीच्या वाटेला जायचं नाही. पुढचे दिवस मजेत गेले, त्यात तुमच्या कामाचं फारसं काही नाही.

आता रस्ता. चांदणी चौकातून उजाडायच्या आत निघा आणि ताम्हिणी घाट ऊन चढण्याआधी संपवा. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या. वळणांवर उलटी करणारं कुत्रं असेल तर डॉक्टरांकडून मॅरोपिटंटची गोळी आधीच लिहून घ्या, डोस वजनावर असतो. आपल्या पर्समधली गाडी लागण्याची गोळी मनाने द्यायची नाही. मागच्या सीटवर, हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) बेल्ट अडकवून बसवा. बेल्ट गळपट्ट्याला लावलात तर जोराचा ब्रेक मानेवर येतो. पुढे मांडीवर घेऊन बसणाऱ्यांनी एअरबॅग उघडताना कुठे आदळते याचा एकदा विचार करावा.

माणगावात चहा, म्हसळ्यावरून हरिहरेश्वर, तिथून बागमांडल्याची जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट. सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेशवीला उतरलं की रत्नागिरी जिल्हा. अख्ख्या प्रवासातला सगळ्यात वाईट भाग हाच, आणि याबद्दल मला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. सगळे सांगतात ते खाडीचं सौंदर्य! गाडी बोटीत चढली की इंजिन बंद करायचं, म्हणजे एसीही बंद. चारी बाजूंनी तापलेल्या गाड्या, खाली लोखंडी डेक. चपलेतूनही चटका जाणवत होता, पिंट्याला खाली ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्यात रॅम्प खणखणत वर उचलला गेला आणि तो माझ्या खांद्यावर चढायला लागला. पलीकडे जायला पाव तासही लागत नाही, खरा वेळ जातो तो धक्क्यावरच्या रांगेत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं जमत नाही, जीभ लांब बाहेर आली आणि श्वासाला घरघर लागली की ती धोक्याची घंटा. ओला पंचा पोटाखाली आणि पंजांना लावा, बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका. आणि तिकीट काढायला जाताना काच ‘थोडी उघडी’ ठेवून त्याला गाडीत सोडायचं नाही. बाहेर 24 अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत 34 होतात, काच बोटभर उघडून फार फरक पडत नाही. कोकणातलं ऊन 24 वर थांबत नाही. माझं स्पष्ट मत, डिसेंबर-जानेवारी सोडून लहान कुत्र्याला घेऊन दिवसा जंगलजेटीला जाऊ नये. पहिली फेरी मिळत असेल तर ठीक.

वेशवी-केळशी-आंजर्ले रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की मागे घ्यावं लागतं. कुत्र्यासाठी मध्ये थांबा, त्याला उतरवा, पुढे चला.

किनाऱ्यावर पट्टा सोडू नका. गावच्या कुत्र्यांच्या टोळ्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, एकटा पग त्यांना दुरूनच दिसतो. वाळूत गळ असतात, जाळ्यातून टाकून दिलेले केंड मासे असतात. केंडात विष असतं, सुकल्यावरही जात नाही. समुद्राचं पाणी प्यायला की जुलाब ठरलेले, म्हणून गोडं पाणी सोबत हवंच. संध्याकाळी कानाच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. गोचीडतापावर घरगुती इलाज चालत नाही. रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झाल्याचं कार्ड जवळ ठेवा, औषधं पुण्यातूनच न्या. तालुक्याचे पशुवैद्य मुख्यतः गाई-म्हशी बघतात, पगच्या मापाची गोळी तिथे मिळेलच असं नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल वेळास किंवा आंजर्ल्याला कासवं बघायला जाणार असाल तर कुत्रा घरी ठेवा. ऑलिव्ह रिडलेची घरटी कुत्री उकरतात, आणि तुमचं ‘आमचा काही करत नाही’ तिथे कुणी ऐकून घेणार नाही, घेऊही नये.

परतताना जेटी नको म्हणून दापोली-खेड करून हायवे धरला. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट वाचतो, पिंट्या पोलादपूरपर्यंत घोरत होता. माणगावचा ट्रॅफिक मात्र तसाच आहे, रविवारी दुपारी तिथे अडकायचं नसेल तर खेडहून सकाळी सातच्या आत निघा.