तुम्ही विचारलंत म्हणून: आर्मेनियात काय खाल्लंस?

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला मेडिकलची सहा वर्षं काढून सांगलीला आले, त्याला बराच काळ झाला. तरी लग्नात, हळदीकुंकवाला, अगदी दवाखान्यातसुद्धा कुणीतरी विचारतंच, "अगं, तू शाकाहारी. तिकडे खाल्लंस तरी काय?"

मसुराची मुटकी खाल्ली.

हॉस्टेलमागच्या गल्लीत एका कुटुंबाची सहा टेबलांची खानावळ होती. आई स्वयंपाकघरात, वडील भट्टीपाशी, मुलगा गल्ल्यावर. माणसं आर्मेनियन, पण सीरियातल्या अलेप्पो शहरातली. ऑटोमन तुर्कांच्या राज्यात १९१५मध्ये झालेल्या आर्मेनियनांच्या कत्तलीतून वाचून पणजोबा तिथं पोचले होते. २०१२मध्ये लढाई अलेप्पोत शिरली आणि यांनी येरेवान गाठलं. तिथंही बोली वेगळी पडली; येरेवानची आर्मेनियन पूर्वेकडची, यांची पश्चिमेकडची.

त्या बाईंना आम्ही तांतिग म्हणायचो, म्हणजे मावशी. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे उपासाचं!" ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात आर्मेनियन चर्चमध्ये मांस, अंडी, दूध सगळंच वर्ज्य. त्यामुळे माझ्यासारखीसाठी काय करायचं, हे त्यांना विचारावं लागलंच नाही.

मसूर डाळ गळेपर्यंत शिजवायची. खाली उतरवून त्यात बारीक बुलगूर, म्हणजे उकडून वाळवून भरडलेला गहू, घालून झाकायचं. गहू फुलला की तेलात परतलेला कांदा, जिरं, कांद्याची पात, पार्सली. मग ओल्या हातानं मळून एकेक गोळा मुठीत दाबायचा. ताटात आला की त्यावर तांतिगच्या चार बोटांचे वळ उमटलेले असायचे. आजीच्या मुटक्यांवर असायचे तसेच. पहिल्या दिवशी मला घास गिळवेना.

सोबत मुहम्मरा: भाजलेली लाल मिरची, अक्रोड आणि काकवीसारखा दाट आटवलेला डाळिंबाचा रस. अलेप्पोची ती मिरची तिखटापेक्षा रंगाची, तेलकट, किंचित आंबूस. दुसऱ्या वर्षी मी घरून ब्याडगीची पूड नेली. तांतिगनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि डबा मिठाशेजारच्या फळीवर ठेवला. पुढं दर सुट्टीत तो भरून न्यायचं काम माझं.

जेवण झालं की त्या म्हणायच्या, "अनुश ल्ला." गोड लागो.

आता आई तीच मुटकी करते. बुलगूर मिळाला नाही तर दलिया आधी वाफवून घेते आणि कांद्यात हिंग घालते. मागच्या महिन्यात तांतिगला फोटो पाठवला. त्यांनी आईच्या बोटांचे वळ मोठे करून पाहिले असणार, कारण उत्तर आलं: "हात आणखी ओला कर."