कोल्हापूर ते तिरुपती: 656 किलोमीटर आणि पावणेदोन तास

अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय बालाजीची यात्रा पुरी होत नाही, असं आमच्याकडे मानतात. दर नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. त्यामुळे कोल्हापूरकराला तिरुपती लांब कधी वाटलंच नाही. हरिप्रिया एक्सप्रेसला वीस तासांहून जास्त लागतात, तरी डबे भरून माणसं जातात. 2019 साली सरकारच्या उडान योजनेतून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून थेट विमान सुरू झालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ज्यांच्या गुडघ्यांना आता रात्रभराची रेल्वे झेपत नाही, त्या आमच्या सासूबाईंसारख्यांसाठी तर फारच.

परवा भाचा म्हणाला, "मावशी, नेटवर विमानाने 656 किलोमीटर आणि 46 मिनिटं दाखवतंय. पोहोचल्या पोहोचल्या दर्शनाची वेळ काढूया की."

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्याला म्हटलं, ॲटलास काढ. कोल्हापूर विमानतळ साधारण 16 अंश 40 मिनिटं उत्तर, 74 अंश 17 मिनिटं पूर्व. रेणिगुंट्याचा तिरुपती विमानतळ 13 अंश 38, 79 अंश 32. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर. दक्षिणेकडे 182 मैल झाले. पूर्वेकडे 315 मिनिटं, पण रेखावृत्तं विषुववृत्तापासून दूर जाताना जवळ येतात, म्हणून दोन्हींच्या मधल्या अक्षांशाच्या, साधारण 15 अंशांच्या, कोज्येने (कोसाइनने) गुणायचं, 304 मैल उरतात. मग पायथागोरस. सरळ रेषेतलं अंतर येतं 354 सागरी मैल, म्हणजे 656 किलोमीटर. नेटवरचं अंतर बरोबरच होतं. रस्त्याने बेंगळुरूमार्गे हेच साडेआठशेच्या आसपास भरतं.

चूक आहे ती वेळेत. 46 मिनिटं येतात ती ताशी साडेआठशेच्या वेगाने भागून, आणि तो वेग मोठ्या जेटचा. विमानसेवा सुरू झाली तेव्हा कोल्हापूरची धावपट्टी अवघी 1,370 मीटर होती (पुढे ती वाढवली), म्हणून तिथे एटीआर 72 उतरायचं. पंख्याचं हे विमान आखूड धावपट्टीवर उठतं-बसतं, पण ताशी पाचशेच्या आसपासच जातं. नुसतं अंतर कापायलाच 79 मिनिटं झाली. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, उंची गाठणं, उतरताना वळसा घेऊन रांगेत येणं, हे सगळं धरलं की पावणेदोन तास मनात ठेवावेत. जेट मिळालं तर वेळ वाचतो, पण उठण्या-बसण्याची मिनिटं तेवढीच राहतात. म्हणून तिकीट काढताना विमान कुठलं आहे ते आधी बघावं.

मला या मार्गाचं खरं प्रेम आहे ते नकाशामुळे. कोल्हापूर आणि रेणिगुंटा यांवर पट्टी ठेवा. रेषा हंपीच्या अगदी जवळून जाते आणि तिचा मध्यबिंदू बळ्ळारीवर येतो. हरिप्रियाही हुबळी, होस्पेट, बळ्ळारी अशीच जाते! विमान नेमकं या रेषेवरूनच जाईल असं नाही, तरी आकाश मोकळं असेल तर उजवीकडे तुंगभद्रेचा जलाशय दिसण्याची आशा धरायला हरकत नाही. सासूबाईंना मी उजवीकडची खिडकीच घेणार आहे.

रेणिगुंट्याहून तिरुपती शहर, मग तिरुमलाचा घाट, हे वेगळं धरायचं. तीनशे रुपयांच्या दर्शनाच्या तिकिटावर वेळ छापलेली असते. भाच्याला सांगितलंय, ती दुसऱ्या दिवशी सकाळची घे.